वजा एक

तिसऱ्या बँकेचा नकार आला तेव्हा
मी कोपरखैरण्याच्या दुकानात, सेक्टर पंधराला,
नववीतल्या एका मुलाच्या काचा फ्रेमच्या मापाला घासत होते.
खेदाने कळवतो की.
पुढचं वाचलं नाही. मशीन चालू होतं,
काच धरलेला हात हलून चालत नाही.

दुपारी रिपोर्ट उघडला. नाव बरोबर,
सुलक्षणा बाळकृष्ण ढेबे. जन्मतारीख बरोबर.
आणि जिथे तीन आकडी स्कोअर असायला हवा
तिथे वजा एक.

आमच्या धंद्यात वजा एक म्हणजे काहीच नाही.
फळा जरा पुसट, बसची पाटी जवळ आल्यावर कळते,
आठशे रुपयांत फ्रेमसकट काम होतं.
बँकेत वजा एक म्हणजे
ही बाई आम्हाला दिसतच नाही.

फोनवरचा मुलगा सौम्य होता.
मॅडम, याआधी कधी कर्ज घेतलंय?
नाही, म्हटलं, जरा ताठ होऊन. आमच्यात घेत नाहीत.
तोच प्रॉब्लेम आहे, मॅडम.
आणि आता लगेच परत अर्ज करू नका,
प्रत्येक अर्जाची नोंद होते.

म्हणजे नुसतं मागितलं तरी पत जाते.
हे मात्र मला लहानपणापासून माहीत होतं.

घरी अण्णांना सांगितलं नाही.
एकतीस वर्षं ते तुर्भ्याच्या मसाला मार्केटात तोलणार होते,
अजून मिरचीचा खोकला आहे. त्या खोकल्यातूनही
जेवताना एकदा तरी म्हणतात,
कुणाच्या छदामाचा मिंधा नाही मी.
आई तेव्हा भात वाढत असते.
नको म्हटलं तरी वाढते.

छेडाशेठच्या गल्ल्याखाली एक लांबट लाल वही असायची.
वीस तारीख उलटली की आई मला पाठवायची,
पिशवीत तेलाची रिकामी बरणी,
आणि अण्णांना बोलायचं नाही.
शेठ लिहायचा: ढेबेबाई. तेल एक. तूरडाळ दीड. साबण.
सात तारखेला मी पैसे घेऊन जायचे,
तो पानभर तिरकी रेघ ओढायचा, पट्टी न लावता सरळ.
सतरा वर्षं.
मार्केटचा संप झाला त्या महिन्यात फक्त नऊ तारीख झाली,
आई स्वतः गेली होती सांगायला, नवी साडी नेसून.

तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
वही रद्दीत गेली असणार, किलोवर.

भिशी लागली, त्यातले पंधरा हजार
सानपाड्याच्या शाखेत ठेव म्हणून टाकले.
त्यावर कार्ड, बारा हजारांचं.
माझ्याच पैशांना तारण ठेवून
माझ्याच पैशांइतका विश्वास, तोही थोडा कापून.
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, थोडंच वापरा,
वेळेवर भरा, आणि वाट बघा.
एवढंच?
एवढंच, पण रोज बघू नका.

महिन्याला एकच खरेदी, आईच्या थायरॉइडच्या गोळ्या.
बिल तीनशे बारा. आलं की त्याच रात्री भरायचं.
मार्चमध्ये दुकानातून ऑफर आली, नवा फोन, बारा हप्ते.
बोट स्क्रीनवर होतं. काढलं.
जूनमध्ये मला ताप होता, काही सुचत नव्हतं,
उशाशी येऊन आई हळूच म्हणाली,
सात तारीख आहे ना गं आज?
कार्डाची तारीख अठरा होती.
तरी उठून भरले.

आठव्या महिन्यात वजा एक गेला.
सातशे एकवीस.
म्हणे फार काही नाही, बरा आहे.

रात्री ओट्यापाशी आईला दाखवला.
तिनं फोन घेतला, हात लांब केला,
आणखी लांब केला, मान मागे नेली.
नंबर वाढलाय, मी म्हटलं.
तुझा की माझा?
दोघींचा.
बाहेरून अण्णा म्हणाले, काय चाललंय गं?
काही नाही, आई म्हणाली,
चष्मा करायचाय मला.