तेरा नंबरचा खांब

खाणीपासून गावापर्यंत सतरा डबे.
पांढरे, जेवणाच्या डब्याएवढे,
वर तळहाताएवढी सौर पाटी
आणि आत एक बारीक पंखा. तो श्वास घेतो,
दर पंधरा मिनिटांनी सांगतो
श्वासात किती धूळ होती.

तारा नाहीत. अकरा बाराला सांगतो,
बारा तेराला,
तेरा पाण्याच्या टाकीवरच्या अँटेनाला,
टाकी वणीच्या ऑफिसला.
मधला एखादा मेला तर बाकीचे आपसांत वाट काढतात.
माझ्या बापालाही जमायचं हे.
कोतवाल होता तो. डफडं फुटलं
तर विहिरीवर चार बायांना सांगून मोकळा व्हायचा.
रेंज याहून चांगली होती.

माझं काम पुसायचं.
खिशात पाना, ब्रश, दोन बॅटऱ्या,
आठवड्याला गाडीवर एक फेरी.
सातमध्ये मुंग्या होतात.
नऊच्या खांबाला कोणीतरी गोऱ्हा बांधतो.
चौदासमोरून कोळशाचे ट्रक जातात, ताडपत्री फडफडत;
त्याचा आकडा पाहून मला वाटलं डबा बिघडला,
नवा बसवला.
नव्यानंही तेच सांगितलं.

आणि तेरा?
बाराला एकशे नव्वद, चौदाला तीनशे दहा,
मधल्या तेराला साठ.
रोज सकाळी, सहा ते नऊ.
साहेबांना तेरा आवडला.
अहवालाच्या पहिल्याच पानावर त्याचा आलेख,
हिरवा.

म्हणून मी पहाटे पाचला गेलो.
गारठा. कोळशाचा ढीग आतून जळत होता,
त्याचा वास अंगातल्या स्वेटरला.
खांबाशी वनमाला पिंपळशेंडे,
हातात भोकं पाडलेला तेलाचा पिंप कापून केलेला डबा.
खाणीनं उपसून नालीत सोडलेलं पाणी
ती रस्त्यावर शिंपत होती,
या वळणापासून त्या वळणापर्यंत.

काहून जी, कायले मारता पाणी?

"पोराचा शाळेचा शर्ट वाळू घालतो न मी इथं.
पांढरा हाय. ट्रका सुरू झाल्या का
दुपारलोक राखुंडा होते त्याचा.
अन् तुमचा डब्बा बी पांढराच हाय बिचारा,
त्याच्या बुडाशी मारून देतो थोडं."

मी सांगितलं तिला. आकडा कसा होतो,
आकड्याचा आलेख कसा होतो,
आणि तिच्या पंचवीस बादल्यांनी
गाव कागदावर कसं बरं झालं ते.

ती ऐकत राहिली.
डब्यातलं उरलेलं पाणी
माझ्या बुटाजवळ ओतलं, सावकाश.
"मंग खरं दिसाले पायजे म्हून
मी पोराले काळा शर्ट घालू?"

फॉर्मवर रकाने तीनच आहेत:
साफ केला. बदलला. हलवला.

"खोकला मोजते का हा?"
नाही.
"हासणं?"
नाही, फक्त धूळ.
"मंग आमच्या घरी पाहुणा आल्यावानी
कायले उभा करून ठेवला याले,"
म्हणाली, आणि शिडी धरायला आली.

वीस पावलं पलीकडे नेला मी तेरा,
ट्रक जिथं गिअर बदलतात त्या बाभळीपाशी.
स्क्रू तिच्या ओंजळीत होते.
एक हरवला; तिच्या पोरानं
सायकलच्या पंपाशेजारचा काढून दिला,
अर्धा गंजका, पण बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे ऐंशी.
साडेनवाला फोन.
तेराला काय झालं, साहेबांचा आवाज,
कालपर्यंत चांगला होता की.
जुन्या जागी लाव परत.

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो.
तारेवर शर्ट. कॉलरला अजून ओल.
समोरून ट्रक येत होता.

तिथं रेंज भेटत नाही साहेब, मी म्हटलं.

मोबाइलवर चारही दांड्या भरलेल्या होत्या.