मंगळवारची टोचणी

सकाळी आठला आधी फ्रिज.
चार अंश. वहीत लिहायचं, सही करायची.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको,
बाहेरचा वारा काय म्हणेल ते म्हणो.
हार्टलपूलमध्ये वाऱ्याला काही विचारू नये.

मग आठ आठवड्यांची बाळं येतात,
लाल वह्या बगलेत मारलेल्या आयांबरोबर.
मांड्या नुकत्या मळलेल्या कणकेसारख्या.
चिमटीत मांडी धरून मी इंग्रजी नावं वाचते
आणि आत माझी नावं चालू असतात:
घटसर्प. धनुर्वात. डांग्या खोकला.
इंग्रजी नावं बाटलीवर शोभतात,
ही आपल्या आळीतली वाटतात,
उंबऱ्याशी येऊन ‘आहे का कोणी घरात’ विचारणारी.
घशात फणा काढून बसलेला साप!
ज्यानं हे नाव ठेवलं
त्यानं कुणाचं तरी मूल बघितलं असणार,
अगदी जवळून.

यादीत एक नाव चार महिने हललेलं नाही.
रूबेन हार्कर. तीन वर्षं सात महिने. गोवराची लस: एकही नाही.
फोन केला की त्याची आई, स्टेसी, म्हणायची,
‘हो पेट, पुढच्या आठवड्यात.’
(इथे सगळेच सगळ्यांना पेट म्हणतात,
पहिल्या वर्षी मी पोटावर हात ठेवायचे.)
पाचव्यांदा तिनं फोन ठेवला नाही.
‘माझी बहीण म्हणते...’ आणि थांबली.
मीही थांबले.
समोर आकडे होते, पत्रक होतं.
‘पोर धडधाकट आहे गं,’ ती म्हणाली, ‘कशाला टोचू?’

धडधाकट.
शमुवेलही होता.
मिरजेत, मिशन हॉस्पिटलमागच्या खोल्यांत,
सहा वर्षांचा, मी चारची.
गोवर आला, अंगभर उमलला.
आईनं उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, शेजारी बायबल,
दोन्हीकडून सांभाळून.
गोवर गेला. जाताना कान घेऊन गेला.
तेव्हा आमच्याकडे लसच नव्हती, कुणाला बोल लावायचा?
आता तो सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे घासतो.
कुणी तार छेडली की तळहात भोपळ्यावर ठेवतो,
मान हलवतो: ही जमली. ही नाही.
वाजवणारे त्याच्या हाताला मानतात म्हणे.
मी त्याला कधी विचारलं नाही,
आवाजांपैकी तुला काय काय आठवतं.

हे स्टेसीला सांगितलं का? नाही.
सांगायला हवं होतं का? ही टोचणी माझी.
एवढंच म्हटलं, मंगळवारी ये.
नसेल टोचायचं तर चहा पिऊन जा.

आली. वीस मिनिटं उशिरा, केस ओले,
रूबेनच्या पायात उलटे घातलेले गमबूट.
हातमोजे काढताना माझी बाही सरकली,
त्यानं दंडावरच्या वणावर बोट ठेवलं. ‘हे काय?’
देवीचा वण.
(ख्रिस्त्याच्या दंडावर देवी, आई हसायची.)
‘एक रोग होता. आता नाही.’
‘कुठे गेला?’
बावीस वर्षं नोकरी झाली, हे कुणी विचारलं नव्हतं.
‘सगळ्यांनी दंड पुढे केले,’ मी म्हटलं,
‘मग त्याला बसायला जागाच उरली नाही.’
त्यानं स्टेसीकडे बघितलं. स्टेसीनं माझ्याकडे.
खिडकीच्या काचेवर एक सीगल चोच आपटत होता.
मग तिनंच त्याची बाही वर केली.

असा किंचाळला,
असा किंचाळला पठ्ठ्या,
की बाहेरची तीन बाळं लगेच साथीला,
आणि रिसेप्शनवरची मॉरीन दार ढकलून आत.
मी कापसाचा बोळा दाबून धरला
आणि तो आवाज ऐकत राहिले.
सगळा ऐकला.

दुसऱ्या डोसची तारीख लिहून दिली.
येईल, नाही येईल.
दुपारी फ्रिज पुन्हा:
पाच अंश. सही.