दोनशे चाळीस पांढरे शर्ट

नीलमनगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
अनसूया गज्जम खांद्यांवर काळ्या पट्ट्या चढवते.
एक सोनेरी रेघ म्हणजे पहिलं वर्ष.

समुद्र तिनं पाहिलेला नाही.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी,
तोही रात्री दोनला.

काल बटणांची पिशवी फुटली,
फरशीभर नांगर.
वेचता वेचता म्हणाली,
"एवढंसं हे, आणि जहाज थांबवतं म्हणे?"

दुपारी लेक डबा घेऊन आला.
दहावीचा, एकाएकी उंच झालेला.
माप बघायचंय म्हणत
तिनं एक शर्ट त्याला घातला,
मागून खांदे ओढून सरळ केले,
बघितलं,
काढला.
कॉलर ओल्या फडक्यानं पुसून
इस्त्री फिरवली.

संध्याकाळी गठ्ठा बांधताना
एका बाहीला
विडीच्या पानांचा वास आला मला.
बाजूला नाही काढला.
पुढचा मोजला.