पावती नसलेली रक्कम

इंदूरला छावणीच्या मंडीत
बाबा एकतीस वर्षं मुनीम होते.
सोयाबीन, गहू, डॉलर चणा.
वहीत एक रकाना बारदानाचा:
आधी पोत्याचं वजन वजा,
मग माल.

बार म्हणजे फारसीत ओझं, मी सांगत होते,
आपला भार आणि तो बार एकाच घरचे.
थंड मुलखात गेले ते बर्डन झाले,
रोमकडून फिरत आले ते
काल तुमच्या कागदावर बसले: रेफर.
म्हणजे, परत नेणे.
आणि त्याच कागदावर वर, आपलं साधं, भरती.
बाबा म्हणाले, एका चिठ्ठीवर एवढे सगळे?
हमाली कोणाच्या नावे टाकायची?

मूळ काय, त्यांनी विचारलं.
मी औषधाच्या पाकिटावर लिहिलं: *भेर्.
ही चांदणी कसली?
म्हटलं, हा कोणी ऐकलेला नाही,
कुठे कोरलेला नाही.
लेकरांच्या तोंडावळ्यावरून काढलेला बाप.

सलाईनचे वीस-पंचवीस थेंब गेले असतील.
आम्हीही काढायचो, म्हणाले.
पावती हरवलेली, देणारा वारलेला,
पण ती रक्कम धरल्याशिवाय
दिवाळीला मेळ बसायचा नाही.
तिच्यापुढे चांदणी.
शेठ म्हणायचे, खोटी आहे.
खोटी नव्हे. दिसत नाही, इतकंच.

दुपारी लिफ्ट बंद पडली.
भेटायला आलेल्या भेरूलालनं
चप्पल काढली, पाठ वाकवली, बाबांना उचललं.
एके काळी नव्वद किलोची पोती त्याच पाठीवर.
"मुनीमजी, तम तो खाली बारदान हुई गया."
बाबा हसले. हसताना त्यांची हनुवटी
त्याच्या खांद्यावर आपटत होती.

मी मागून जिना चढत होते
आणि सवयीनं कुळं लावत होते.
भेरू म्हणजे भैरव, धातूशी नातं नाही,
नुसता आवाजाचा योगायोग.
हमाल अरबी, वंशच वेगळा.
नाव नाही, धंद्याचा शब्द नाही,
वाहणारा तेवढा वंशावळीत कुठेच नाही.

वळणावर बाबा म्हणाले, सांभाळून.

हाही त्याच घरातला असावा असं मला फार वाटतं.
कोशात दोन मतं आहेत.
तूर्तास चांदणी काढून ठेवलीय.

अजून दीड मजला होता.
"बाटली ऊंची राखो, बेन,"
भेरूलाल मागे न बघता म्हणाला.