पालथी बाजू

वडगावात बुचडींचा माग विकला गेला,
भंगाराच्या भावात, मंगळवारी, टेम्पोतून.
बुधवारी मला बोलावणं :
"कल्लाप्पा, शहाबादी काढ. हॉल करूया."
दारात छप्पन्न खोकी आधीच येऊन पडलेली,
गुजरातची, दोन बाय चार, तोंड दिसेल अशी,
वर छापील संगमरवर.

सहा टाइल्स भिंतीला लावून बघितल्या.
पहिलीवर जी शीर डावीकडून निघते
आणि कोपऱ्यात दोन फाटे फोडते,
तीच पाचवीवर. तेच दोन फाटे.
बसू ओरडला, "नोडु मामा, जुळी!"
म्हटलं, फिरवून लाव, लांब लांब लाव,
डोंगराला इतकं कमी सुचलं
हे गिऱ्हाइकाला कळू नये.

खोटं कशाला बोलू, मला टाइल आवडते.
काटकोन म्हणजे काटकोन. नऊ मिली म्हणजे नऊ मिली.
गोंद ओढायचा, स्पेसर घालायचा, पुढे सरकायचं.
शहाबादीचं तसं नव्हतं :
एक दीड इंची, तिची शेजारीण पाऊण,
एकीच्या पोटाला फुगवटा, एकीची कड खाल्लेली.
जिच्या-तिच्या पोटाप्रमाणे खाली माल,
मग लाकडी हातोडीने टोकायचं आणि कान द्यायचा.
ठण्ण आलं, बसली.
डब्ब आलं, उचल परत.
बावीस वर्षं कान देतोय.
गुडघ्यांनी मात्र कधीच ऐकणं सोडलं.

वस्ताद हुसेनसाब इलकलचे.
कानडीत कल्लु म्हणजे दगड, म्हणून मला चिडवायचे,
"तुला बसवायला किती माल लागेल रे?"
शेवटी खोकल्यातून पांढरं पडायचं.
दगड आत गेला होता त्यांच्या,
पीठ होऊन.

पहार घातली.
मागाच्या चार पायांचे चार खड्डे, तेलाने काळे.
आणि त्यांच्या पुढ्यात एक फरशी
मधोमध बशीसारखी झिजलेली,
जिथे शिवानंद बुचडी अडतीस वर्षं उभे राहिले
धागा तुटायची वाट बघत.
ते चहा घेऊन आले, तिच्यावरच उभे राहिले.
"सरका की मालक."
सरकले.

उलटी केली तर खाली कोरं.
छिन्नीचे घाव जसेच्या तसे,
अडतीस वर्षं ऊन न बघितलेला रंग,
पाणी मारल्यावर ओल्या पाटीचा वास.
दगडाला दुसरी बाजू असते.
टाइल उलटी केली तर
जाळी आणि कंपनीचं नाव.

परसात, धुण्याच्या दगडाभोवती, सगळ्या पालथ्या बसवल्या.
सून म्हणाली, "बऱ्या दिसतात की! नव्याच वाटुलालत."
तेवढी एक बुचडींनी पालटू दिली नाही.
कारण विचारलं नाही.
पावसात तिथे ओंजळभर पाणी साठणार,
उतार काढून देतो म्हटलं, तर
"साठू दे."

माझ्या घरी अकरा गिऱ्हाइकांच्या उरलेल्या टाइल्स आहेत.
न्हाणीत निपाणीचा डॉक्टर, सैपाकघरात संकेश्वरचं लॉज,
उंबऱ्याशी कुठल्याशा बँकेचा करडा तुकडा.
बायको फडकं मारते, खुश असते.
माठाखाली मात्र तिने शहाबादीची खापरी मागून घेतली.
टाइलवर म्हणे माठ घसरतो.

शनिवारी हॉल संपला.
दिवा लागायच्या वेळी सवयीने टोकत गेलो, ओळीने,
ठण्ण, ठण्ण, ठण्ण,
आणि जिथे माग होता तिथे डब्ब.
अडतीस वर्षांच्या खडखडाटाने तिथली भुई
खोल कुठेतरी दमली होती,
गोंदाने भरून येण्याच्या पलीकडे.
शहाबादी असती तर उचलली असती,
मूठभर माल टाकला असता, परत बसवली असती.
ही उचलायची म्हणजे फोडायची.

"झालं का रे?" बुचडींनी विचारलं.
"झालं," म्हटलं.
मग विचारलं, सोफा कुठे ठेवणार.
त्यांनी बोटाने नेमकी तीच जागा दाखवली.
हातोडी पिशवीत घातली.
बसूने माझ्याकडे बघितलं,
मी छपन्नाव्या खोक्याकडे.