बोटभर लाकूड

अस्पेन पडला तो नेमका बांधावर.
मुळं आर्मासच्या वावरात, शेंडा माझ्या.
मधला सरळ, बिनगाठीचा नऊ फूट भाग
कुणाचाच नाही, नाहीतर दोघांचा.
अकरा वर्षं आम्ही भाऊबहीण
कुंपणाच्या तारेतूनच बोलत होतो,
तेही कुणाची गाय शिरली तर.

मी टपाल वाटायचे तेव्हा
त्याची पत्रं पेटीत टाकून पुढे जायचे,
दार न वाजवता.
पेटी त्यानेच केलेली.
झाकण अजून घट्ट बसतं. तेवढं कबूल.

आईचा कूर्ना वाटणीत आलाच नाही.
खोड कोरून केलेली ती डोणी
एका उन्हाळ्यात कोरडी पडली, तडकली,
आणि कुणी न विचारता सौनाच्या चुलीत गेली.
तेव्हापासून मी साहती गाळते
भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बादलीतून.
पिणारे वाहवा करतात.
मला बादलीची चव येते.

मापं माझ्याकडे होती:
माल्ट इतकं, राय त्यावर मूठभर,
पाणी तापलं का ते कोपर बुडवून बघायचं.
आजोबांचा वाकस त्याच्याकडे.

बुधवारी आला. टोपी काढली नाही.
खोडावर बोटाने ठोकलं, कान लावला.
"ओलं आहे. आत्ताच कोरू.
वाळलं की ते कुणाचं ऐकत नाही."
अकरा वर्षांतलं त्याचं सर्वांत लांब भाषण.

तो मुळाकडून, मी शेंड्याकडून.
तो डावखुरा, मी उजवी, समोरासमोर,
म्हणून ढलपे पडत गेले एकाच अंगाला,
एकच ढीग,
पांढरा, ओला, वासाला किंचित कडू.
दुपारी त्याने पटाशी पुढे केली
मुठीची बाजू माझ्याकडे करून.
आई असंच शिकवायची:
धार आपल्याकडे, मूठ दुसऱ्याकडे.

तळाला उतार हवा, तोटीकडे.
त्याने वाटीभर पाणी ओतून पाहिलं,
पाणी निघालं, अर्ध्यात आलं, आणि थांबलं.
मधोमध बोटभर लाकूड राहिलं होतं,
जिथे त्याचं कोरणं संपलं आणि माझं सुरू झालं नाही.
"तू आधी थांबलीस."
"तू."
मग दोघांनीही कॉफी घेतली.

त्याने वाकस पुन्हा उचलला खरा.
धार अंगठ्यावर पाहिली, उंचवट्यावर टेकवली,
आणि म्हणाला, उजेड गेला.
जूनमध्ये. आमच्याकडे.
जिथे रात्री अकराला वर्तमानपत्र वाचता येतं.

शनिवारी तळात रायचा पेंढा अंथरला,
वर ज्युनिपरच्या फांद्या, निळी फळं न काढता.
तापलेले दगड पिंपात सोडले,
ते ओरडले, मग गप्प झाले.
नव्या वल्ह्याने मी ढवळत राहिले
(वल्हं त्याचंच, दांडा माझ्या उंचीचा,
माप कधी घेतलं कोण जाणे),
आणि लापशीसारखा तो लगदा डोणीत ओतला.

थोडा वेळ काहीच नाही.
मग तोटीतून एक थेंब, दुसरा,
आणि मग मधाच्या जाडीची तपकिरी धार.
चव बघायला शेजारची ऐनी आली, तिचा नातू आला.
कुणी काही बोललं नाही,
म्हणजे चांगली होती.

शेवटी धार तुटली तरी
उंचवट्यामागे दोन मगभर रस अडून राहिला.
तो काढायचा तर डोणी कलती करावी लागते,
ते एका माणसाचं काम नाही.
"पुढच्या वर्षी तासू," आर्मास म्हणाला
आणि त्याची बाजू उचलली.
मी माझी धरून होते.

आता कूर्ना तळ्यात बुडवून ठेवलाय,
वर दोन दगड, तडकू नये म्हणून.
तळं त्याच्या हद्दीत आहे.
तळ्याकडची वाट माझ्या.