दहा मिलिमीटर

जाकादेवीच्या नाक्यावर मुनाफ सारंगचं दुकान.
बाहेर जुन्या टायरांत त्याने अळू लावलंय.
म्हणाला, रिम हीच ठेवू, कंपनीची.
एकशे पंचेचाळीसच्या जागी एकशे पंचावन्न घालू.
दहा मिलिमीटर. म्हणजे म्याडम, एक चिंचोका.
फार हाव नको. त्याहून रुंदही बसतो, लोक बसवतात,
पण मग पोटावर पट्टा आवळल्यासारखं होतं,
कडा उचलतात,
नि वळणावर टायर भलतंच बोलतो.

मी हो म्हटलं.
मला चढाचं पडलं होतं.

भंडारवाडीचा चढ जांभ्याचा, शेवाळलेला.
पावसाळ्यात माझी जुनी वॅगनार
निम्म्यावर जाऊन विचार करायची
आणि मागे यायची, हळूहळू,
देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं तशी.
एकदा नळ्यांचा डबा सीटवरून पडला.
अठरा जणांचं रक्त. बर्फ सगळीकडे.
फुटली एकही नाही,
तरी त्या दिवशी माझे हात
सुई धरायच्या लायकीचे राहिले नाहीत.

तेव्हापासून गाडी खाली, पिंपळाशी.
डबा घेऊन मी चालत वर.
वर द्वारका पिलणकर, महिन्यातून दोनदा, उपाशीपोटी,
बाही आधीच सारून बसलेली.
निम्म्या चढावर धाकू, तिचा दीर,
जाळ्याला गाठी मारत.
बांधावरच्या एका फणसावरून सोळा वर्षं अबोला.
मान वर न करता विचारायचा :
वरची किती?
साखर, म्हणजे. मागच्या रिपोर्टातली.
मी सांगायचं नसतं. लॅबचा नियम आहे.
मी म्हणायची, ऊन छान पडलंय.
किंवा म्हणायची, मळभ आहे जरा.
त्याला पुरायचं तेवढं.

मुनाफने चारी चाकं चढवली,
मडगार्डच्या आतून खडू फासला,
शेजारच्या हॉटेलातली तीन पोरं मागे कोंबली,
स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे,
आणि स्वतः मातीत आडवा, कान चाकाशी.
खडू जिथल्या तिथे.
उजवीकडे फक्त एक पुसट रेघ.
ती त्याने अंगठ्याने पुसली.
एवढं घरातही घासतं, म्हणाला.

स्टेपनी जुनीच राहिली. पाचव्याचे पैसे नव्हते.
डिकीच्या अंधारात ती एकटी, बारीक चणीची.

स्टिअरिंग जड झालं. पेट्रोल थोडं जास्त पिते.
आणि मीटर खोटं बोलतो :
चाक मोठं, फेरे कमी,
रोजचे बहात्तर किलोमीटर आता सत्तरच भरतात.
लॅब पैसे देते ते मीटरवर.
मुनाफला फोन केला तर हसला.
गाव जवळ आलं म्हणा की!

पण गाडी चढली.
पहिल्या दिवशी एका दमात थेट द्वारकाच्या खळ्यात.
अगो बाय, म्हणाली ती, आणि बाही सारायची विसरली.
उतरताना आरशात धाकू दिसला,
उभा, हातात जाळ्याची सुई,
तोंड अर्धं उघडं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं.
पुढच्या खेपेलाही तशीच गेले.
घाई होती. घाई नेहमीच असते.

तिसऱ्या खेपेला मी निम्म्या चढावर थांबले.
ओल्या जांभ्यावर, हँडब्रेक ओढून.
हे पूर्वी जमलंच नसतं.
गाडी हलली नाही.
धाकू आला, आधी चाकाकडे बघितलं,
पायाने दाबून पाहिलं,
जाड केलंस वाटतं, म्हणाला.
मग काचेशी वाकला
आणि काहीच विचारलं नाही.

खाडीवरून सगळं काळं चढून येत होतं,
वाडीतल्या बाया वाळवणं आत नेत होत्या.
मी म्हटलं,
ऊन पडलंय हो धाकूकाका. लख्ख.